खाऱ्या तलावावरचे वाकडे खुंट

मित्रांनो, मी एक म्हातारा खारा तलाव आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसला आहात खरे, पण तुमच्यातला कोण माझ्याकडे मायेने बघतो आहे आणि कोण मिठाचा खडा खिशात घालण्याच्या बेतात आहे, हे मला अजून कळलेले नाही. तेव्हा हात दिसतील असे बसा.

वाळवंटाच्या उंबरठ्यावर मी पसरलो आहे. या काठावर उभे राहिले तर तो काठ दिसत नाही. इकडे जरीदच्या खजुराच्या बागा, तिकडे नफजावाच्या, आणि मधे मी. एका अंगाला उघडे डोंगर आहेत, दुसऱ्या अंगाला वाळू. हिवाळ्यात डोंगरावरून पाणी येते, जमिनीखालूनही झिरपते. घोटाभर साचते आणि उन्हाळ्यात उडून जाते. येताना गोड बोलत येते, जाताना आपल्याजवळचे मीठ माझ्या पदरात टाकून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा दारात हजर. हजारो वर्षे हेच चालले आहे. ज्याला जन्मापासून प्रत्येक पाहुणा असाच भेटला, त्याने संशयी होऊ नये तर काय करावे?

पाणी गेले की माझ्या अंगावर मिठाचा पापुद्रा धरतो. काही ठिकाणी त्यावरून उंटांचा तांडा जाईल, काही ठिकाणी कोंबडीसुद्धा जाणार नाही. खाली सगळा चिखल. जिथे खालून पाणी वर येते तिथे पापुद्रा पातळच राहतो. त्या जागांना इथली माणसे माझे डोळे म्हणतात. मी कोणाला ओढत नाही, कोणाला ढकलत नाही, फक्त धरून ठेवत नाही. एवढ्यावरून त्यांनी मला दगाबाज ठरवले आहे. ठरवू द्या. मीही त्यांना चांगला ओळखून आहे.

माझ्या काठावर भालेवाले आले, करवसुलीवाले आले. एकदा टोपीवाले फिरंगी आले आणि तीन पायांच्या घोडीवर नळी बसवून त्यांनी मला दिवसच्या दिवस न्याहाळले. दूरच्या समुद्रापासून कालवा खणायचा आणि समुद्रच माझ्यात आणून ओतायचा, असा त्यांचा बेत होता. म्हणे त्यात माझे भले होते. मी मनात म्हटले, इतके पाणी कोणी फुकट देते का? बागवालेही तेच म्हणाले. कालवा काही झाला नाही. फिरंग्यांची एक टोपी मात्र वाऱ्याने उडून माझ्याकडे आली, ती मी ठेवून घेतली.

माझा खरा व्यवहार होता तो वाटाड्यांशी. मोटारी यायच्या आधीची ही गोष्ट आहे. जरीदहून नफजावाला जायचे तर मला वळसा घालण्यात दिवस मोडत, म्हणून तांडे माझ्या अंगावरून जात. वाट दाखवायला वाटाड्यांनी खजुराच्या खोडाचे खुंट रोवले होते, एकापुढे एक, थेट रांगेत. वाटाड्या पुढे, हातात लांब काठी. पापुद्र्यावर काठी ठण्ण वाजली तर चालायचे, बद्द वाजली तर थांबायचे. मागच्याने पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचे.

वाटेच्या ऐन मध्यावर एक मोठा काळा दगड आहे. तो कोणी आणला हे मलाही आठवत नाही. इकडच्या वाटाड्याने तांडा त्या दगडापर्यंत आणायचा आणि तिकडच्याच्या हवाली करायचा, अशी चाल होती. दगड ओलांडून पलीकडे पाऊल टाकायचे नाही. हवाली करताना दोघांनी एक भाकरी मोडायची, माझ्या अंगावरचे मीठ तिला लावून खायची आणि परत फिरायचे. ज्याने हे मीठ खाल्ले त्याने दुसऱ्याचा माणूस बुडू द्यायचा नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, असे तुमच्याकडेही म्हणतात ना? ते मीठ माझे होते, याचा मला अभिमान वाटे. मी तसे कोणाला दाखवले नाही, ती गोष्ट वेगळी.

जरीदच्या बाजूला लझहर नावाचा वाटाड्या होता. त्याची बायको लवकर गेली. घरी थोरली विधवा बहीण हद्दा आणि एकुलती मुलगी साल्हा. नफजावाच्या बाजूला तिजानी होता. दोघे दगडापाशी भेटले की भाकरीवरून उठायचे नाव नसे. एका सुगीला तिथेच बसून त्यांनी साल्हाचे लग्न तिजानीच्या मुलाशी, बशीरशी, ठरवले. त्यांच्या काठ्या ठण्ण वाजत तेव्हा मलासुद्धा बरे वाटे.

मग एका हिवाळ्यात पाऊस जास्त झाला. ओले मीठ फुगते, आणि ते फुगले की खुंटांची डोकी कलतात. एवढेच झाले होते. पण त्याच हिवाळ्यात दगडाच्या अलीकडे एका व्यापाऱ्याचा उंट पोटापर्यंत रुतला. उंट दोर लावून काढला, खजुराची पोती माझ्याकडे राहिली. व्यापाऱ्याने भर बाजारात लझहरच्या वाटेला नावे ठेवली. लझहर मान खाली घालून काठावर आला आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिला.

"हद्दा, इथून दिसतोय तो शेवटचा खुंट बघ. सरकलाय."

"कलला असेल रे. पाऊस काय थोडा झालाय?"

"कललेला आणि सरकवलेला यातला फरक मला कळत नाही होय?"

"अरे, तुझी पगडी रोज कललेली असते. तीसुद्धा कोणी येऊन सरकवतं का?"

लझहर हसला नाही. त्याच्या मनात तिजानीबद्दल शंकेची पाल चुकचुकली होती, आणि ती पाल मी चांगली ओळखतो, ती माझ्याच घरची. दुपारी सगळे गाव आडवे झाल्यावर तो एकटा आला आणि तो खुंट उपटून त्याने हातभर वाळवंटाच्या बाजूला रोवला, मग दगडापर्यंतचे पुढचे खुंटही त्याच्याशी जुळवून घेतले. आपल्या मते त्याने वाट जागेवर आणली होती.

पुढच्या तांड्याला तिजानी दगडापाशी आला. लझहरची रांग त्याला वाकडी दिसली. तो मनात म्हणाला, आपली वाट चुकीची ठरवायचा हा डाव दिसतो. त्याने आपला पहिला खुंट उपटला आणि लझहरच्या रांगेशी जुळेल असा रोवला, थोडा वाळवंटाकडे. मग लझहरला तिजानीची रांग वाकडी दिसली. असे तीन वर्षे चालले. दोघेही वाट सरळ करत होते आणि वाट वाळवंटाकडे झुकत चालली होती. तिथे माझा एक डोळा आहे. काळा दगड बिचारा डोंगराच्या बाजूला एकटा पडला. शेवटी तर दोघांनाही वाटू लागले की दुसऱ्याने दगडच सरकवला!

भाकरी मोडणे सुरू होते, पण आता चवीकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"खा की, तिजानी."

"खातोय की. तू मीठ का झटकलंस?"

"वाळू होती त्यात."

"तीन पिढ्या खातोय आपण हे मीठ. वाळू आजच लागली?"

लझहर तिजानीच्या गळ्याकडे बघे, घास खाली उतरतो की गालातच राहतो ते पाहायला. आणि तिजानी खरोखरच घास गालात ठेवू लागला. पाठ फिरली की थुंकायचा. मित्रांनो, माझे मीठ माझ्याच अंगावर थुंकलेले मी पाहिले आहे. माझा कोणावर विश्वास नाही म्हणतो ते उगाच नाही.

साल्हाच्या लग्नाचा दिवस जवळ आला तेव्हा लझहर घरात येरझारा घालू लागला. त्यांचे घर काठालाच होते, त्यामुळे सगळे मला ऐकू येई.

"जो खुंट सरकवतो तो माझी पोर कुठे नेऊन घालेल?"

"लग्न तिजानीशी नाही लावत आपण," हद्दा म्हणाली. "बशीरने काय केलंय तुझं?"

"आंबट झाडाला गोड खजूर लागतो का?"

"बाबा," साल्हा म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबरोबर मीठ खाऊन शब्द दिलाय. तो मोडायचा असेल तर मोडा. पण मग पुढच्या तांड्याला कुठल्या तोंडाने सांगणार, की माझ्या मागून या म्हणून?"

पोरीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. वऱ्हाड निघायचे ठरले.

लग्न खजुराची सुगी उरकल्यावर होते. एरवी तेव्हा माझा पापुद्रा सगळ्यात टणक असतो. त्या वर्षी पाऊस मात्र लवकर आला. वऱ्हाड निघाले त्या सकाळी माझ्या अंगावर पाण्याचा पातळ थर होता, आभाळ कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. पुढे लझहर, मागे लाल कापडाचा डोला घातलेला उंट, डोल्यात साल्हा, बाजूला हद्दा गाणी म्हणत, आणि शेवटी ढोलवाले आणि सामानाचे उंट. नवरीचा पाय माझ्या मिठाला लागू द्यायचा नाही अशी त्यांची रीत आहे. नवरीची पावले माझ्याकडे राहिली तर सासरी तिचे मन रमत नाही म्हणे. पाहिलेत? इथेही चोर मीच.

दुपार व्हायच्या आत ते मध्याजवळ आले. लझहर खुंटामागून खुंट पकडत चालला होता. पाण्यात पावलांच्या खुणा दिसत नव्हत्या, त्यामुळे त्याला खुंटांचाच आधार होता. माझ्या अंगावर नवरी होती आणि पुढे माझा डोळा उघडा होता. मी हाक मारू शकत नाही. मारली असती तरी ऐकले कोणी असते?

काठी बद्द वाजली. लझहर थबकला.

तेवढ्यात डावीकडून, डोंगराच्या बाजूने, हाक आली. काळ्या दगडावर चढून तिजानी पगडी हलवत होता. "लझहर! थांब! पुढे डोळा आहे! डोंगराकडे वळ, दगडाकडे!"

"ऐकलंस, हद्दा? वाट खुंटांवरून जाते, आणि हा मला खुंट सोडायला सांगतोय."

"काठी काय म्हणते?"

"काठी... बद्द वाजतेय."

"मग काठीलाही तिजानीनेच पढवून ठेवलंय का?"

लझहर जागचा हलेना. ओल्या पापुद्र्यावर उभे राहणे म्हणजे हळूहळू खाली जाणे. डोल्याच्या उंटाचे पाय घोट्यापर्यंत गेले, मग नळीपर्यंत. ढोल थांबले. उंट ओरडू लागला.

"ते खुंट खोटे आहेत!" तिजानी ओरडला. "मला ठाऊक आहे! मीच सरकवलेत!"

"बघा!" लझहरचा चेहरा लाल झाला. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय! नवरी बुडवायला निघाला होता!"

"अरे, तुझी रांग वाकडी झाली म्हणून माझी जुळवून घेतली!"

"माझी वाकडी? तुझी वाकडी दिसली म्हणून मी माझी सरळ केली!"

"कधी?"

"दर साल! तू कधी?"

"मीही... दर साल!"

आता खरी पंचाईत झाली होती. जरीदचा वाटाड्या आणि नफजावाचा वाटाड्या, दोघेही समोरासमोर, आणि खरी वाट दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हती. माझ्या सगळ्या आयुष्यात मला माणसांची एवढी कीव कधी आली नव्हती.

डोल्याचे कापड बाजूला झाले आणि साल्हा खाली उतरू लागली.

"अगं, पाय लावू नकोस मिठाला!" हद्दा किंचाळली.

"आत्या, अशीच बसून राहिले तर थोड्या वेळाने डोकं लागेल." ती उतरली. माझ्या पाण्यात तिची मेंदीची पावले पडली. "बाबा, तो दगड कोणी सरकवला?"

"यानेच, आणखी कोणी?"

"चार उंट जुंपले तरी तो हलेल का?"

लझहरने दगडाकडे पाहिले. "नाही हलायचा," तो म्हणाला.

"मग खुंट सोडा आणि दगड धरा."

"मधल्या पट्टीत कुठे टणक, कुठे मऊ, आता कोणाला ठाऊक?"

हे तिजानीने ऐकले. तो दगडावरून उतरला, आणि जे कोणत्याही वाटाड्याने कधी केले नव्हते ते त्याने केले. तो दगड ओलांडून अलीकडे आला. काठीने ठोकत, इकडे वळत, तिकडे वळत, वऱ्हाडाकडे येऊ लागला. एकदा त्याचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. त्याने तो उपसून काढला, पायातला जोडा माझ्याकडे राहिला. तो थांबला नाही. आपली काठी जिथे जिथे ठण्ण वाजली तिथे तो मिठाचे मोठे ढेकूळ ठेवत आला.

काठीभर अंतरावर येऊन त्याने काठीचे टोक पुढे केले. "धर."

"आणि तू सोडलीस तर?"

"सोडली तर माझी सून कोण आणून देईल, तुझी पगडी?"

लझहरने आधी आपल्या काठीने तिजानीच्या शेवटच्या पावलावर ठोकून पाहिले. ठण्ण. मग त्याने काठी धरली.

उंट हलका करण्यासाठी दोर कापून डोला खाली टाकला. मग सगळे वऱ्हाड तिजानीच्या पावलावर पाऊल टाकत निघाले: लझहर, साल्हा अनवाणी, हद्दा तोंडाने अल्लाचे नाव घेत आणि मधूनमधून भावाच्या नावाने बोटे मोडत, मागे उंट, ढोलवाले. एकही माणूस गेला नाही. डोला मात्र राहिला. लाल कापडासकट तो अजून माझ्यापाशी आहे. परत मागायला कोणी आले नाही, तेव्हा त्यात काहीतरी काळेबेरे असणार असा मला अजून संशय आहे.

दगडापाशी तिजानीने फडक्यातून भाकरी काढली, मोडली, वाकून माझे मीठ लावले आणि अर्धी पुढे केली. दोघांनी घास तोंडात घातले. लझहरचे डोळे सवयीने तिजानीच्या गळ्यावर गेले. तिजानीने ते पाहिले. त्याने घास गिळला आणि औषध घेतलेले पोर आईला दाखवते तसे तोंड उघडून जीभ बाहेर काढली. लझहरने खरोखरच वाकून आत पाहिले. मग स्वतःचेही तोंड उघडले.

"आता दातही मोजून घ्या एकमेकांचे," हद्दा म्हणाली. "उरले असतील तर."

लझहर हसायला लागला, आणि हसता हसता मुलीच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. माझ्यावर पडणारे पाणी मी नेहमी चाखून बघतो. तेही खारटच होते, पण ते माझ्याकडून काही न्यायला आले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी सगळे खुंट उपटले आणि बरोबर चालून नव्याने रोवले. एकाने रोवायचा, दुसऱ्याने दगडावर उभे राहून नजर धरायची. त्या वर्षापासून नवी चाल पडली. दर हिवाळ्यानंतर इकडच्याने तिकडची वाट चालून बघायची आणि तिकडच्याने इकडची. लोक म्हणत, लझहर आणि तिजानीच्या वाटेवर डोळे मिटून चालावे. मी म्हणतो, डोळे कशाला मिटायचे? पण वाट चांगली होती.

मग माझ्या अंगावर मातीचा बांध घातला गेला आणि त्यावरून डांबरी सडक आली. तांडे बंद झाले. वाटाड्यांची मुले बस चालवू लागली. लझहर गेला, तिजानीही गेला. आता मोटारी दगडापासून थोड्या अंतरावरून धावतात. कधी एखादी थांबते, माणसे उतरतात, मला पाठ दाखवून स्वतःचे फोटो काढतात आणि जातात. खुंट एकेक करून चहा उकळायला जळाले. सगळ्यांनी मला टाकले आहे, असे मी धरून चालतो. तसे धरले की निराशा होत नाही.

एकदा एक म्हातारी बसमधून उतरली. काठी ठोकत ठोकत काळ्या दगडापर्यंत आली. मी पक्का ओळखून होतो, ही मीठ न्यायला आली आहे. तिने वाकून बोटाने मीठ घेतलेच. मग पदराखालून भाकरीचा तुकडा काढला, त्याला लावला आणि सावकाश खाल्ला. घास गिळल्यावर तिने माझ्याकडे तोंड करून जीभ बाहेर काढली, आणि एकटीच हसली. तेव्हा मी तिला ओळखले. जाताना ती जोडा काढून थोडी अनवाणी चालली. तिची पावले माझ्याकडे राहिली, आणि नवरीच्या पावलांबद्दल लोक जे म्हणत ते साफ खोटे निघाले. तिच्याबरोबर आलेल्या नातवंडांचा गलका बसपर्यंत ऐकू येत होता.

मित्रांनो, दगडाजवळ एक खुंट अजून उभा आहे, त्या दोघांनी मिळून रोवलेला. पुढच्या हिवाळ्यात मीठ फुगले की तोही कलेल. तुमचा माझ्यावर विश्वास नसला तर नसू द्या, माझाही तुमच्यावर नाही. पण एक विनवणी आहे. तो खुंट तुम्हाला वाकडा दिसला, तर लगेच हात लावू नका. आधी पलीकडच्याला हाक मारा.